आधी पाय, मग मन

मी नागपुरात नृत्य शिकवते. शिक्षण कथकाचं, पण दिवसातले बरेच तास कथकाबाहेर जातात. बागेतल्या ज्येष्ठ बाया, कंपवाताचे रुग्ण, शाळेतली पोरं, मानसिक आजारातून सावरणारी माणसं असा माझा गोतावळा आहे. या सगळ्यांना मी एकच सांगत असते, मन ताळ्यावर आलं की नाचू म्हणून थांबू नका. आधी पाय उचला, मन मागून येतं. हा भाद्रपदाच्या उत्तरार्धातला माझा एक नेहमीचा दिवस. गणपती नुकतेच गेलेत, पाऊस ओसरतोय, गल्लीबोळांत भुलाबाई बसल्यात आणि गरब्याचे वर्ग जोरात आहेत.

पहाटे ४.४५

घरात सगळे झोपलेले. घुंगरू बांधत नाही, खालच्या मजल्यावरच्यांची झोप मोडायची नसते. जाड सतरंजीवर अनवाणी उभी राहते आणि ठाय लयीत तत्कार सुरू करते. आज मन आहे का, हे स्वतःला विचारत नाही. पहाटेचं आखडलेलं शरीर त्यावर नाहीच म्हणणार. पहिली काही आवर्तनं पाय जड पडतात. मग पोटऱ्या गरम होतात, श्वास खोल जातो, आणि सोळा मात्रांचा हिशेब सांभाळताना कालची काळजी हातातून सुटते. ती संपलेली नसते. पण मात्रा मोजणं आणि काळजी घोकणं ही दोन्ही कामं डोक्याला एकाच वेळी जमत नाहीत.

आत काय घडतं याचं उत्तर लोक 'एंडॉर्फिन' या एका शब्दात देतात. गोष्ट थोडी मोठी आहे. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. म्हणून संशोधकांचं लक्ष आता एंडोकॅनाबिनॉइड या द्रव्यांकडेही आहे. तीही शरीरातच तयार होतात, घाम येईस्तोवर हालचाल केली की रक्तात वाढतात आणि मेंदूपर्यंत पोचतात. व्यायामानंतर जे हलकं, निवांत वाटतं त्यात त्यांचा वाटा असावा. एवढं सगळं घडायला पायांनी सुरुवात मात्र करावी लागते.

पहाटे ५.४५

प्रतापनगरच्या बाजूचं एक उद्यान. साठी ओलांडलेल्या बायांची ही बॅच बारमाही चालते. उन्हाळ्यात आणखी लवकर भरते, कारण हे शहर कसं तापतं ते आम्ही जाणतो. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंशांची नोंद झाली होती. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं ठेका टाळ्यांचा. ही अडचण आमच्या पथ्यावर पडली आहे. स्पीकर लागला की बाई गाण्याकडे कान लावते. टाळी द्यायची तर तिला शेजारणीकडे बघावं लागतं.

बाकावर एक काकू बसून आहेत. यजमान गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हत्या, सून त्यांना जवळजवळ ओढत घेऊन आली.

"काहून बसून राहिल्या वो काकू?"

"मन नाही लागून राहिलं ना ताई. मन लागलं की करीन."

"मग नका नाचू. बसल्या जागी टाळी द्या फक्त. आम्हाला कमी पडून राहिली."

सहा वाजले, स्पीकर लागला. दुसऱ्या गाण्यात त्यांचा डावा पाय बाकाखाली ठेका धरू लागला. त्या उठल्या नाहीत, मीही बोलावलं नाही. पहिल्या दिवसाला एवढं पुरे.

काकूंचं ते 'मन लागलं की करीन' हे उदासीचं सर्वांत घट्ट कुलूप आहे. उदास माणूस घरात बसतो. घरात बसल्याने बरं वाटावं असे प्रसंग कमी होतात, आणि ते कमी झाले की उदासी आणखी वाढते. १९७० च्या दशकात पीटर लेविन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे चक्र नीट मांडलं. त्यातून पुढे उपचाराची जी पद्धत घडली, तिला 'बिहेवियरल ॲक्टिव्हेशन' म्हणतात. इच्छेची वाट न पाहता एखादी छोटी, ठरलेली कृती करायची आणि इच्छेला तिच्या मागून येऊ द्यायचं. बाकावरची टाळी ही अशीच छोटी कृती आहे.

आमचा नाच सोपा असतो. पावली, चार पावलं पुढे, चार मागे, खांद्यांची गोल फिरत. उड्या नाहीत, गर्रकन वळणं नाहीत, कारण गुडघे सगळ्यांचेच बोलतात. शेवटी बाकाचा आधार घेऊन एका पायावर उभं राहायचं. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि पासष्टीनंतर किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम व्यायाम ओळखायची खूण सोपी आहे. बोलता यावं, पण गाता येऊ नये. गाता येत असेल तर वेग वाढवा, बोलताच येत नसेल तर थांबा.

सकाळी ७.००

फाटकाबाहेर तर्री पोहे. वर्ग संपल्यावर कोण किती वेळ थांबतं याकडे माझं बारीक लक्ष असतं. हाती प्लेट घेऊन अर्धा तास गप्पा मारणारी बाई आठवड्यानेही येणार, हे मी खात्रीने सांगते. पाऊल नीट पडतं की नाही हे मी इतक्या बारकाईने पाहत नाही.

आज एकीने हळूच विचारलं, "ताई, पितृपक्षात नाचलेलं चालते का?"

तिच्याऐवजी शेजारच्या आजीच बोलल्या, "अवो, आपल्या नागपूरले हडपक्या गणपती काहून बसते मग?"

आजींनी नेमकी नस पकडली. बाकी महाराष्ट्रात गणपती विसर्जनानंतर पंधरवडा शांत असतो. नागपुरात मात्र भर पितृपक्षात हडपक्या गणपती बसतो. मस्कऱ्या गणपतीही म्हणतात त्याला. ही प्रथा भोसल्यांच्या काळातली, अठराव्या शतकातली. खंडोजी ऊर्फ चिमणाबापू भोसले बंगालच्या स्वारीवरून जिंकून परतले तोवर गणेशोत्सव संपून गेला होता. विजयाचा आनंद तर साजरा करायचा होता, म्हणून पुन्हा गणपती बसवला आणि त्याच्यासमोर लावणी, खडी गंमत, नकला रंगल्या. श्राद्धाच्या दिवसांतही माणसाला हसायला आणि नाचायला जागा हवी, हे या शहराला दोनशेहून अधिक वर्षं कळलेलं आहे. गेलेल्यांची आठवण आणि हालणारे पाय एकाच घरात नांदू शकतात. काकू बाकावरून हे सगळं ऐकत होत्या, पोह्याची प्लेट त्यांनी परत केली नाही.

सकाळी १०.००

धंतोलीतलं एक छोटं सभागृह. कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं. खुर्च्या गोलाकार, जमिनीवर हातभर अंतराने चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या, आणि एक ढोलकी.

कोळसा खाणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक काका दारातच थबकतात. उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात आणि कितीही जोर लावला तरी सुटत नाहीत. या आजाराची ती ओळखीची खूण आहे. कुणी हात धरून ओढत नाही. ढोलकीवाला पोरगा साधा ठेका धरतो, मी समोर उभी राहून "डावा, उजवा" म्हणते, आणि काका पट्टीवर पट्टी ओलांडत आत येतात.

"घरी हलून नाही राहत, अन् इथं कसे चालून राहिले पहा," काकांच्या पत्नी म्हणतात. त्यात तक्रार असते आणि कौतुकही.

याचं कारण मेंदूच्या खोल भागात आहे. सवयीच्या हालचालींची वेळ साधण्याचं काम बेसल गँग्लिया नावाचे भाग करतात, आणि पार्किन्सनमध्ये तिथला डोपामाइनचा पुरवठा घटतो. आतला ठेका चुकू लागतो. अशा वेळी बाहेरून ऐकू येणारा ठेका किंवा डोळ्यांना दिसणारी पट्टी मेंदूला दुसरी वाट देते. उदासी हाही या आजाराचाच भाग आहे. ती फक्त आजाराच्या दुःखातून येत नाही, मेंदूतल्या त्याच रासायनिक बदलांतूनही येते. म्हणून चालणं सुधारतं तेव्हा मी चेहऱ्याकडेही पाहते.

ही कल्पना न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनची. तिथल्या मार्क मॉरिस डान्स ग्रुपने २००१ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. आपल्याकडे पुण्यात हृषीकेश पवार या समकालीन नर्तकाने २०१० च्या सुमारास असे वर्ग उभे केले. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथे येणाऱ्याला रुग्ण म्हणून न वागवता नृत्य शिकणारा विद्यार्थी म्हणून वागवतात. आम्हीही तेच करतो. औषधाच्या वेळा, डॉक्टरांची नावं हे सगळं दाराबाहेर. आत फक्त हात कुठपर्यंत जातो आणि नजर हाताबरोबर जाते का, एवढंच.

शेवटी खुर्चीत बसून हस्तमुद्रा. पताक, मग हंसास्य, मग कमळ उमलताना. थरथरणाऱ्या हातांनी उमललेलं कमळही कमळच असतं. सत्तरीतल्या माणसाला नवीन काही शिकता येतंय, या आनंदाची किंमत मोजायला माझ्याकडे कुठलंही माप नाही.

दुपारी १२.३०

शंकरनगरहून मेट्रो. सीताबर्डीला गाडी बदलून उत्तरेकडे निघते. डबा घरीच खाल्लेला, त्यामुळे हा वेळ वाचनाचा.

नाचाने मन सुधारतं असं मी रोज बोलते, तर त्यामागे पुरावा किती हे मला माहीत हवं. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०२४ साली एक मोठा आढावा आला. नैराश्यावर व्यायामाचा काय परिणाम होतो, याचे २१८ अभ्यास आणि १४ हजारांहून अधिक माणसं त्यात होती. चालणं, जॉगिंग, योग, वजनं उचलणं या सगळ्यांनी नैराश्य कमी झालेलं दिसलं. नाचाचा परिणाम तर बराच मोठा दिसला, पण नाचावरचे अभ्यास मोजकेच आणि छोटे होते. म्हणून नाच सर्वांत श्रेष्ठ असं मी म्हणत नाही. चालायला आवडत असेल त्याने चालावं. पण ज्या बाईला एकटीने चालायला जावंसं वाटत नाही, ती चौघींसोबत पावली घालायला येते, आणि वर्षानुवर्षं येत राहते. व्यायाम टिकला तरच गुण देतो.

दुसरा अभ्यास जुना, २००३ चा. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांवर कित्येक वर्षं लक्ष ठेवलं होतं. शारीरिक छंदांपैकी फक्त नाचाचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी आढळला. नाचामुळेच धोका कमी झाला हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्यांचा मेंदू शाबूत तेच नाचत राहिले, असंही असू शकतं. तरी मला त्यात तथ्य वाटतं. नाचताना पाय, कान, आठवण आणि समोरचा माणूस या सगळ्यांचं भान एकाच वेळी ठेवावं लागतं.

समोरच्या सीटवर कानात इअरफोन घातलेला मुलगा. बोटं गुडघ्यावर ठेका धरून आहेत, त्याला पत्ताही नाही. "मला तालच नाही" म्हणणारे मला पुष्कळ भेटतात. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांच्या मेंदूची नोंद घेतली होती. ठेक्यातला मुख्य ठोका गाळला की त्या मेंदूंना तो चुकल्याचं कळत होतं. ताल आपण जन्माबरोबर आणतो. पुढे कुणीतरी हसतं म्हणून तो लपवायला शिकतो.

दुपारी १.४५

उत्तर नागपुरातली एक शाळा. आज लेझीम. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, तिच्यात झणझणणाऱ्या चकत्या. हातात आली की वर्गात कुणाचंही न ऐकणारं पोरगं ताठ उभं राहतं.

लेझीम आखाड्यातली. विदर्भाला तिचं शास्त्र शिकायला लांब जावं लागत नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून देशी व्यायामाचं माहेर आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या पथकाने आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली होती. आज शाळांमध्ये लेझीम २६ जानेवारीपुरती कपाटाबाहेर येते. ती रोज वीस मिनिटं बाहेर यावी असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला कारण आहे.

ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवर २०१५ मध्ये एक प्रयोग झाला. काही मुलं जोरात नाचली, काही अगदी हळू, बसल्या बसल्या. काहींनी एकाच वेळी सारख्या हालचाली केल्या, काहींनी आपापल्या. नंतर रक्तदाब मोजायचा पट्टा हाताला बांधून कोण किती कळ सोसतं ते तपासलं. जोरात नाचलेल्यांची सहनशक्ती वाढली होती. एकसाथ नाचलेल्यांचीही वाढली होती, मग ते हळू का नाचलेले असेनात. शिवाय एकसाथ नाचलेल्यांना सोबतची मुलं जास्त जवळची वाटू लागली. म्हणजे घाम एक गुण देतो आणि सोबत दुसरा. लेझमीत दोन्ही मिळतात.

मागच्या रांगेतला एक मुलगा सारखा मारामारीत सापडतो. वर्गाच्या बाईंनी त्याला माझ्या हवाली केलाय. त्याला पुढे घेतलं आणि मोजणी त्याच्याकडे दिली. "एक, दोन, तीन, चार" ओरडायचं, आणि त्याच्या आवाजावर चाळीस लेझमा वाजायच्या. आज तो दोनदा लवकर ओरडला, सगळी रांग गडबडली, आणि कुणी काही म्हणायच्या आधीच तो म्हणाला, "थांबा बे, पुन्हा घेतो." पुन्हा घेतो! रागावलेल्या मुलाच्या तोंडी हे वाक्य यायला किती समजावणं लागतं, ते त्याच्या बाईंना विचारा.

दुपारी ४.००

याच भागात, एका स्वयंसेवी संस्थेच्या डे-केअर केंद्रात माझा पुढचा तास. इथली माणसं दीर्घ मानसिक आजारातून सावरताहेत. औषधं चालू आहेत, दिवस इथे आणि रात्र घरी. नागपूरला या कामाचा मोठा इतिहास आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून या शहरात उभं आहे. लोकांच्या तोंडी मात्र त्या जागेचं नाव अजून चिडवण्यासाठीच येतं, आणि ते ऐकलं की मला वाईट वाटतं.

इथे मी काही शिकवत नाही. वर्तुळात उभं राहायचं, एकाने कुठलीही हालचाल करायची, बाकीच्यांनी ती तशीच करायची. कुणी नुसती मान हलवतं, कुणी बोट उचलतं. बोट उचललं तर आम्ही सगळे बोट उचलतो, त्याच वेगाने, तितक्याच उंचीवर. मेरियन चेस या नर्तकीने १९४२ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात हे काम सुरू केलं. नृत्योपचाराचा उगम तिथला मानतात. महिनोन्‌महिने न बोललेल्या माणसासमोर ती उभी राहायची आणि त्याची छोटीशी हालचाल आपल्या अंगाने त्याला परत द्यायची. तू मला दिसतोस, हे शब्दांशिवाय सांगायची ही रीत आहे.

एक ताई बराच काळ वर्तुळाबाहेर भिंतीला टेकून उभी असायची. आज तिने ओढणीचं टोक हवेत फिरवलं. आम्ही सगळ्यांनी, ओढणी नसलेल्या दादांनीसुद्धा, हवेत तेच वळण काढलं. तिने पुन्हा फिरवलं, या वेळी मोठं. पाचव्या-सहाव्या फेरीला ती मध्यभागी होती.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. नाच हा औषधाला पर्याय नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, कामातलं लक्ष बिघडलं असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र लागतो, आणि मराठीत बोलता येतं. नाच आणि उपचार हातात हात घालून चालतात. 'नाचा, बरं वाटेल' म्हणून कुणाच्या गोळ्या बंद करणं हा गुन्हा आहे.

सायंकाळी ६.३०

घरचा कथकाचा वर्ग. आता घुंगरू.

तीनतालात सर्वांत सुंदर जागा म्हणजे सम. तुकडा लांबतो, पायांची वीण गुंतत जाते, आता कसं गाठणार असं वाटत असतानाच सगळ्या जणी एका क्षणी समेवर उतरतात. दर वेळी पोरी हसतात, कुणी सांगितलेलं नसताना. मेंदू पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधत असतो, आणि तो अंदाज थोडा ताणला जाऊन खरा ठरला की त्याला सुख होतं. २०१४ च्या एका संशोधनात हेच दिसलं. अगदी सपाट ठेक्यावर लोकांना हलावंसं वाटत नाही आणि फार गुंतागुंतीच्या ठेक्यावरही नाही. मधल्या, बेताने फसवणाऱ्या ठेक्यावर पाय आपोआप उठतात. आपल्या जुन्या गुरूंनी हे अंगानेच ओळखलं होतं.

याच वर्गात मला नाचाची दुसरी बाजूही दिसते. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी हल्ली आरशासमोर उभी राहत नाही. कुणीतरी तिला जाड म्हणालं. नाचाने मन खुलतं तसं ते मिटूही शकतं. सतत स्पर्धा, टीव्हीवरचे गुण देणारे परीक्षक, मोबाइलवरच्या रील, अंगाच्या मापावरून मिळणारी जागा, या सगळ्यांनी नाचणारी मुलं आजारी पडतात. खाण्याचे विकार नर्तकांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतात. म्हणून आठवड्यातले काही दिवस मी आरशावर चादर टाकते आणि त्या दिवशी कुणी कुणाचं चित्रण करायचं नाही. आजही टाकली. ती मुलगी पहिल्या रांगेत आली. डोळे मिटून तिने जो चक्कर घेतला, तो तिने आजवर घेतलेला सर्वांत मोकळा चक्कर होता.

रात्री ८.१५

एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गरब्याचा सराव. बायका गोलात, आणि नवरे खुर्च्यांवर मोबाइल घेऊन. पुरुषांचं मला फार वाटतं. आपल्याकडे त्यांना नाचायला परवानगी मिळते ती वरातीत आणि मिरवणुकीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, बडगे असे पुतळे मिरवणुकीने निघतात, इतवारीत माणूस मावत नाही. रोगराई आणि इडापीडा शहराबाहेर न्यायची म्हणून हजारो पुरुष बेभान नाचतात. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही रीत म्हणजे साऱ्या गावाचं मन धुऊन काढणंच आहे. १३ एप्रिलच्या रात्री, आंबेडकर जयंतीच्या पूर्वसंध्येला, संविधान चौकात ढोल वाजतात तेव्हाही तेच, अंगाअंगातून अभिमान उसळत असतो. मग उरलेले तीनशे साठ दिवस पुरुषांनी खुर्चीत का बसावं? ताण त्यांना असतो, आणि तो बोलून दाखवायची सवय त्यांना नसते. ज्याला बोलता येत नाही, त्याला तर नाचाची गरज जास्त.

मी ढोल वाजवणाऱ्याला थांबवलं आणि खुर्च्यांवरच्या नवऱ्यांना म्हटलं, "भाऊसाहेब, बायकांच्या जोड्या पुऱ्या नाही होऊन राहिल्या, तुम्ही या." लाजत लाजत चौघे उठले. कामासाठी बोलावलं की पुरुष येतात, आनंदासाठी बोलावलं की संकोचतात. म्हणून मी त्यांना काम देते.

रात्री ९.१५

त्याच गल्लीत भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेला बसलेल्या मातीच्या भुलाबाई-भुलोजींसमोर मुली आणि आज्या टिपऱ्या घेऊन बसल्यात. कोजागिरीपर्यंत रोज गाणी, रोज खिरापत, आणि डब्यातली खिरापत वासावरून ओळखायचा खेळ. या गाण्यांत सासरचा जाच आहे, माहेरची ओढ आहे, नणंदेची थट्टा आहे. जे बाईला घरात मोठ्याने म्हणता येत नव्हतं, ते तिने टिपरीच्या ठेक्यावर चारचौघींत म्हटलं, आणि बाकीच्यांनी ध्रुपद धरून ते उचललं. दुःख एकटीचं राहिलं नाही. ब्राझीलच्या ज्या प्रयोगाबद्दल वर सांगितलं, त्याचा निष्कर्ष वऱ्हाड-नागपूरच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या अंगणात जगत आल्यात. हल्ली मुली कमी आणि आज्या जास्त असतात. ज्यांच्या घरी लेक-नात आहे, त्यांनी तिला या महिन्यात अर्धा तास तरी तिथे पाठवावं.

रात्री १०.००

स्पीकर बंद. घरी येऊन उद्याची वही. उद्या कुणाला फोन करायचा, कुणाच्या गुडघ्याला खुर्ची लागेल, ढोलकीवाल्या पोराची परीक्षा आहे तर ठेका कोण धरणार. शेवटी एक अर्ज लिहायला घेतला आहे.

दिवसभर फिरताना मला सर्वांत जास्त अडतं ते जागेवाचून. बागेतला कोपरा पावसात जातो, सभागृहाचं भाडं कंपवाताच्या गटाला झेपत नाही, शाळेचं मैदान शाळा सुटली की कुलपात. आणि जवळपास प्रत्येक वस्तीत एक समाजभवन आहे, जे लग्न आणि सभा सोडून रिकामं असतं. माझी मागणी एवढीच आहे की ते रोज एक तास उघडावं, भाडं न घेता, वयाची आणि जातीची अट न ठेवता. एक ढोलकी, चार खुर्च्या, पिण्याचं पाणी आणि दार उघडणारा एक माणूस. नाच शिकवणारे या शहरात पुष्कळ आहेत, मी त्यांना गोळा करीन. दवाखान्यांवर जेवढा खर्च होतो, त्याच्या तुलनेत हा तास जवळजवळ फुकट आहे. या तासाने आजार सगळे बरे होणार नाहीत. पण कितीतरी माणसं घरात एकटी बसून आजारी पडायची वाचतील, आणि जी आजारी आहेत त्यांना यायला एक दार राहील. अर्जावर सह्या हव्या आहेत. पहिली सही माझी झाली, उद्या पोह्यांच्या गाडीपाशी बाकीच्या घेणार.